फुल फ्रेमचा फोटो जास्त स्वच्छ दिसतो, त्यात सेन्सरचा वाटा किती आणि लेन्सचा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (लहान सेन्सरची) मिररलेस बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली १६-५० मिमी एफ/३.५-५.६ किट लेन्स आहे. मित्राकडे तितक्याच मेगापिक्सेलची फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि २४-१०५ एफ/४ लेन्स आहे. एका संध्याकाळी एकाच हॉलमध्ये दोघांनी फोटो काढले, नंतर शंभर टक्के झूम करून शेजारी शेजारी ठेवले. त्याचा फोटो कितीतरी स्वच्छ निघाला. म्हणून आता बॉडी बदलायची का, आणि ‘लहान सेन्सरवरचा एफ/२.८ हा खरा एफ/२.८ नसतो’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

बॉडी आत्ता बदलू नका, आधी लेन्स बदला. हे मी अंदाजाने सांगत नाही. तुमच्याच दोन फोटोंचा हिशेब मांडला की ते दिसतं.

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार तुमचा फोटो ५० मिमी, एफ/५.६, १/१२५ सेकंद, आयएसओ (फोटो किती उजळवायचा तो आकडा) ६४०० असा आहे. मित्राचा ७५ मिमी, एफ/४, १/१२५ सेकंद, आयएसओ ३२००. दोन्हींतून दिसणारा दृश्याचा आवाका जवळपास सारखाच. एफ चा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/४ वर सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर दुप्पट प्रकाश पडतो, अशा दर दुपटीला एक स्टॉप म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. तुमचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे ३६७ चौरस मिमीच्या आसपास. क्षेत्रफळात फरक २.३६ पट, म्हणजे सव्वा स्टॉप. दोन्ही मिळून मित्राच्या फोटोत तुमच्या फोटोपेक्षा जवळजवळ पावणेपाच पट प्रकाश गोळा झालाय.

आता त्याच ठिकाणी तुमच्या बॉडीवर एफ/२.८ ची झूम लेन्स असती तर? दर चौरस मिलिमीटरवर त्याच्या दुप्पट प्रकाश, क्षेत्रफळ मात्र २.३६ पटींनी कमी. फरक उरतो पाव स्टॉपचा. दोन्ही फोटो एकाच आकारात छापले तर तो फरक कोणाच्याही डोळ्याला कळणार नाही. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्हाला जो फरक दिसला, तो लेन्स बदलून जवळजवळ पूर्ण भरून निघाला असता. किटच्या ५० मिमी टोकाला एफ/५.६ वरून एफ/२.८ वर जाणं म्हणजे दोन स्टॉप. नुसता सेन्सर बदलून सव्वाच स्टॉप मिळतो.

उलट चूक जास्त महागात पडते, आणि ती करणारे पुष्कळ आहेत. एपीएस-सीवरून उडी मारून फुल फ्रेम बॉडी घ्यायची आणि बजेट संपलं म्हणून तिच्याबरोबरची किट झूम घ्यायची. त्या लेन्स एफ/४-५.६, एफ/४-६.३, काही एफ/४-७.१ अशा असतात. टेली टोकाला (झूम पूर्ण वाढवल्यावर) एफ/७.१ वर थांबणारी लेन्स असेल तर सेन्सरने दिलेल्या सव्वा स्टॉपपैकी अर्ध्याच्या आसपास ती लेन्सच परत घेते. ज्या फोटोसाठी एवढा खर्च केला, त्यात बदल जेमतेम जाणवतो.

प्रकाशावरच मी इतका भर का देतो, हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. अंधारातल्या फोटोत दिसणारा नॉइज (दाणेदारपणा) बहुतांशी सेन्सरच्या दोषातून येत नाही, तो प्रकाशातूनच येतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकसारख्या अंतराने येत नाहीत, ते यादृच्छिक पडतात. त्यामुळे सरासरी संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार होतो. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. प्रकाश चौपट झाला की नॉइजचं प्रमाण निम्म्यावर येतं. आयएसओचा आकडा वाढवल्याने नॉइज ‘तयार’ होत नाही. प्रकाश कमी मिळालाय म्हणून तुम्ही आकडा वाढवता, आणि दोष आकड्याला लागतो.

‘खरा एफ/२.८’ हा वाद इथेच सुटतो. एफ क्रमांक म्हणजे फोकल लेंथ भागिले लेन्सच्या प्रवेशछिद्राचा व्यास. ५० मिमी एफ/२.८ म्हणजे सुमारे १८ मिमीचं छिद्र. आता सारख्या दृश्यकोनाच्या तीन जोड्या घ्या: मायक्रो फोर थर्ड्सवर (एपीएस-सीहूनही लहान सेन्सर) २५ मिमी एफ/१.४, एपीएस-सीवर ३५ मिमी एफ/२ आणि फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/२.८. तिन्हींचं छिद्र १८ मिमीच्या आसपास येतं. एकाच जागेवरून, एकाच शटर स्पीडला काढले तर तिन्ही फोटोंत मागची धूसरता सारखी, डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत शार्प दिसतं ती) सारखी, एकूण प्रकाश सारखा आणि म्हणून नॉइजही साधारण सारखा. एक्स्पोजरच्या हिशेबासाठी एफ/२.८ सगळीकडे एफ/२.८ च आहे, लाइट मीटरला सेन्सरचा आकार माहीत नसतो. पण फोटो कसा दिसेल हे ठरवायचं असेल तर दृश्यकोन आणि छिद्राचा व्यास पाहा. दोन्ही बाजूंचे लोक अर्धं बरोबर बोलतात आणि वर्षानुवर्षं भांडत राहतात.

मग मोठ्या सेन्सरचा फायदा नाहीच का? आहे, आणि दोन ठिकाणी तो भरवशाचा आहे.

पहिलं ठिकाण बेस आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याचा सर्वांत कमी मूळ आयएसओ. डोंगर, इमारती, समुद्रकिनारा, कॅमेरा ट्रायपॉडवर, हलणारं काही नाही. इथे शटर कितीही वेळ उघडं ठेवता येतं, म्हणून प्रश्न लेन्सने किती प्रकाश आत सोडला हा राहत नाही. हायलाइट फुटण्याआधी (उजळ भाग निव्वळ पांढरे पडण्याआधी) सेन्सर एकूण किती प्रकाश साठवू शकतो, हा होतो. क्षेत्रफळ २.३६ पट असेल तर साठाही साधारण तेवढ्याच पटीने मोठा. आयएसओ १०० वर फुल फ्रेमच्या सावल्या उचलल्या की त्यात जो स्वच्छपणा दिसतो तो याचा. हा सव्वा स्टॉप कोणतीही एफ/१.४ लेन्स लहान सेन्सरला मिळवून देणार नाही. तिथे एकाच दृश्याचे अनेक फोटो घेऊन जोडणं हाच पर्याय उरतो, आणि वाऱ्यात हलणारी पानं असली की तोही जातो.

दुसरं ठिकाण लेन्सची उपलब्धता. फुल फ्रेमवरच्या ८५ मिमी एफ/१.४ ची बरोबरी करायला एपीएस-सीवर ५६ मिमी एफ/०.९५ च्या आसपासची ऑटोफोकस लेन्स लागेल, आणि ती मिळत नाही. अगदी पातळ डेप्थ ऑफ फील्डची पोर्ट्रेट हाच तुमचा छंद असेल तर फुल फ्रेम घ्या, त्यात वाद नाही. पण फुल फ्रेमवरच्या एफ/४ च्या तोडीचं काम हवं असेल तर एपीएस-सीवर हलक्या एफ/२.८ झूम भरपूर आहेत. सिग्माची १८-५० एफ/२.८ सोनी माउंटमध्ये (सोनी बॉडीच्या जोडकड्यासाठी) २९० ग्रॅमची. सोनीची फुल फ्रेम २४-१०५ एफ/४ आहे ६६३ ग्रॅमची. रेंज तिची जास्त, हे खरं. पण दिवसभर गळ्यात कॅमेरा असणाऱ्याला हे वजन ठाऊक असतं.

आता तुमच्या तुलनेच्या पद्धतीबद्दल. दोन्ही फोटो २४ मेगापिक्सेलचे होते म्हणून शंभर टक्क्यांवरची तुलना तुमच्या बाबतीत चालून गेली. मेगापिक्सेल वेगळे असतील तर ती चालत नाही. ६१ मेगापिक्सेलचा फोटो ९५०४ पिक्सेल रुंद, २४ चा ६००० पिक्सेल. शंभर टक्क्यांवर पाहताना पहिल्याचा तुम्ही जवळजवळ १.६ पट मोठा प्रिंट पाहत असता आणि म्हणता की त्यात नॉइज जास्त आहे. दोन्ही एकाच आकारात आणा, मग पाहा. कॅमेऱ्यांची मोजमापं देणाऱ्या डीएक्सओमार्कच्या आलेखांत ‘स्क्रीन’ आणि ‘प्रिंट’ असे दोन पर्याय दिसतात ते याचसाठी. ‘प्रिंट’मध्ये सगळ्या कॅमेऱ्यांचे आकडे ८ मेगापिक्सेलच्या समान आकाराला आणून मांडलेले असतात. डीपीरिव्ह्यू या संकेतस्थळावरच्या स्टुडिओ दृश्यातही फोटो समान आकारात आणून पाहायची सोय आहे. अनेक जण ती वापरतच नाहीत.

आणि आयएसओचे आकडे सारखे ठेवले म्हणजे तुलना बरोबरीची झाली, असंही नाही. आयएसओ १२२३२ या मानकात कंपनीला हा आकडा ठरवायच्या एकाहून अधिक रीती दिलेल्या आहेत. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांवर आयएसओ ३२०० लिहिलं असलं तरी सेन्सरपर्यंत पोचलेला प्रकाश अर्ध्या स्टॉपने वेगळा असू शकतो. म्हणून मी आयएसओ बघत नाही. शटर स्पीड सारखा, छिद्राचा व्यास सारखा, प्रकाश सारखा, मग आयएसओ जो येईल तो येऊ दे.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरने पाहिलेलं जसंच्या तसं, हा समजही सोडा. काही कॅमेरे रॉमध्येच थोडं नॉइज रिडक्शन करतात. बिल क्लाफ यांच्या फोटॉन्सटूफोटोज या संकेतस्थळावरच्या डायनॅमिक रेंजच्या (सर्वांत उजळ ते सर्वांत गडद यांतल्या आवाक्याच्या) आलेखांत असे बिंदू उलट्या त्रिकोणाने वेगळे दाखवलेले असतात. तिथेच आणखी एक उपयोगाची गोष्ट दिसते. आजच्या अनेक सेन्सरमध्ये ठरावीक आयएसओला दुसरी गेन (सिग्नल वाढवण्याची) पायरी सुरू होते आणि सावल्यांतला नॉइज एकदम खाली येतो. काही २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडींत ती ६४० किंवा ८०० ला येते. अशा बॉडीवर आयएसओ ५०० पेक्षा ६४० वर जास्त स्वच्छ सावल्या मिळू शकतात. तुमच्या बॉडीची पायरी कुठे आहे ते एकदा बघून ठेवा, फुकटचा फायदा आहे.

मेगापिक्सेलबद्दल मी थोडक्यात आटोपतो. तुम्ही ए३ पर्यंत प्रिंट काढता. ३०० डीपीआयने ए३ ला साडेसतरा मेगापिक्सेल लागतात, ए२ ला पस्तीस. फोर-के पडद्याला तर सव्वाआठच. २४ तुम्हाला पुरतात. खूप क्रॉप करणाऱ्या पक्षी छायाचित्रकाराचं गणित वेगळं.

जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर एफ/८ नंतर फोटो ‘खराब’ होतो, असंही तुम्ही ऐकलंय. विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) एफ/८ ला हिरव्या प्रकाशाचा प्रत्येक बिंदू साधारण १०.७ मायक्रॉनच्या चकतीएवढा पसरतो, एफ/१६ ला साडेएकवीस. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर पिक्सेल ६ मायक्रॉनचा, ४० मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर ३ मायक्रॉनचा. लहान पिक्सेलला हा पसारा लवकर दिसतो, एवढंच. समान आकारात छापल्यावर, त्याच सेन्सर आकाराच्या कमी मेगापिक्सेलच्या बॉडीपेक्षा तो फोटो वाईट दिसत नाही. डेप्थ ऑफ फील्डसाठी एफ/११ लागतोय तर बिनधास्त वापरा.

लेन्स निवडताना लोक एमटीएफ आलेख (लेन्स बारीक तपशील किती ठळक दाखवते त्याचे) दाखवतात. ते उपयोगी आहेत, पण आलेख मोजलेला आहे की गणिताने काढलेला, हे आधी पाहा. झाइसचे आलेख प्रत्यक्ष मोजलेले असतात. बऱ्याच कंपन्या आराखड्यावरून काढलेले देतात. सिग्मा विवर्तन धरून आणि न धरून असे दोन्ही देते. मोजलेला आलेख गणिती आलेखाशेजारी ठेवला की प्रामाणिक लेन्सच कमी दिसते. दोन कंपन्यांचे आलेख म्हणूनच मी कधी शेजारी ठेवत नाही.

माउंटच्या व्यासाचा मुद्दा विक्रीच्या भाषेत फार फुगवलेला आहे. निकॉन झेडचा व्यास ५५ मिमी, कॅनन आरएफचा ५४, सोनी ई चा ४६ च्या आसपास. रुंद माउंट आणि कमी फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) यामुळे लेन्स रचणाऱ्याला, विशेषतः वाइड अँगलमध्ये, मोकळीक मिळते हे बरोबर. पण या तिघांत सर्वांत अरुंद माउंट असलेल्या सोनीची ५० मिमी एफ/१.२ आहे ७७८ ग्रॅमची, कॅननची ९५०, निकॉनची १०९०. तिन्ही उत्कृष्ट लेन्स आहेत. व्यास बघून कॅमेरा घेऊ नका.

आजच्या मिररलेस लेन्सचा मोठा भाग सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्यावरून विनाकारण नाकं मुरडली जातात. कॅननची आरएफ २४-२४० आणि आरएफ १६ मिमी एफ/२.८ यांची दुरुस्ती न केलेली रॉ फाइल उघडली तर कोपरे काळे दिसतात, विकृती दुरुस्त करताना प्रतिमा ताणली जाते तेव्हा ते भरतात. यातून लेन्स लहान आणि हलकी होते. ताणल्याने कोपऱ्यातला तपशील थोडा जातो हे खरं. पण काचेने दुरुस्त करायची तर आणखी काचा घालाव्या लागतात आणि त्यांचीही किंमत शार्पनेस, वजन, फ्लेअर यांत मोजावी लागते. निकाल दुरुस्त झालेल्या फोटोवर द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या फिल्मच्या काळातल्या वाइड लेन्स अ‍ॅडॅप्टरने लावणाऱ्यांना मात्र एक सावधगिरी. डिजिटल सेन्सरसमोर काचेचा थर असतो. तिरक्या कोनातून येणारे किरण त्यात सरकतात आणि कोपरे विस्कटतात. तिथे जुनी लेन्स वाईट म्हणून मोडीत काढू नका, दोष जोडीचा आहे.

एआय नॉइज रिडक्शनने हिशेब बदलला का? बराच. डीएक्सओचं डीपप्राइम २०२० मध्ये आलं, अडोबीने लाइटरूममध्ये एआय डीनॉइज २०२३ मध्ये दिलं. तुमचा आयएसओ ६४०० चा फोटो त्यातून काढून पाहा, बॉडी बदलायची घाई निम्मी कमी होईल. पण जिथे प्रकाशच पोचला नाही तिथे पोत अंदाजाने भरला जातो. त्वचेवर आणि केसांवर मला तो लगेच खटकतो. म्हणून आधी प्रकाश, मग सॉफ्टवेअर.

महागड्या बॉडीत पैसा खरोखर कुठे जातो, तर वेगात. साध्या सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक शटरला पूर्ण चौकट वाचायला वेळ लागतो, म्हणून हलती गोष्ट तिरकी होते आणि एलईडी दिव्यांत पट्टे येतात. सोनीने २०१७ मध्ये ए९ मध्ये स्टॅक्ड (थरांचा, झटपट वाचला जाणारा) सेन्सर दिला. निकॉनने २०२१ मध्ये झेड ९ मधून मेकॅनिकल शटर काढूनच टाकलं. २०२३ च्या सोनी ए९ III मध्ये ग्लोबल शटर आलं, सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात. पण तिचा बेस आयएसओ २५० आहे, १०० नाही. वेगासाठी स्वच्छतेचा थोडा भाग सोडलेला आहे. खेळ आणि पक्षी टिपणाऱ्याला हा सौदा परवडतो, निसर्गदृश्यं टिपणाऱ्याला नाही.

तर तुम्ही काय करावं? आधी तुमच्या गेल्या वर्षाच्या फोटोंतले मनापासून आवडलेले बाजूला काढा आणि त्यांची फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, आयएसओ पाहा. बहुतेक फोटो घरातले, आयएसओ १६०० च्या वरचे, आणि लेन्स तिच्या कमाल अ‍ॅपर्चरवर अडकलेली, असं दिसलं तर एफ/२.८ झूम घ्या. एकाच फोकल लेंथवर बरेच फोटो असतील तर त्या लेंथची एफ/१.४ प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या, ती झूमपेक्षा आणखी दोन स्टॉप देईल. माणसं फोटोत असतील तर १/१२५ च्या खाली जाऊ नका. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याची मान नाही. आणि यादीत आयएसओ १०० आणि ट्रायपॉडच जास्त निघाले तर मात्र माझा सल्ला उलटा: फुल फ्रेम बॉडी आणि एक चांगली एफ/४ झूम.

नवी लेन्स हातात आली की परत करण्याची मुदत असतानाच तपासा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सच्या रॉजर सिकाला यांनी मोजमापांसह तो वारंवार दाखवलाय. भिंतीचा फोटो काढून तपासू नका, कॅमेरा भिंतीला किंचित तिरका असला तरी लेन्सचाच दोष वाटतो. दूरचं बारीक तपशिलाचं एकच ठिकाण निवडा, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ते ठिकाण आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी तिथेच नव्याने फोकस करा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे, एफ/४ ला ते सुधारतात का बघा. मध्यावर फोकस केल्यावर कोपरे मऊ, पण कोपऱ्यात फोकस केल्यावर शार्प असतील तर ती क्षेत्रवक्रता (फोकसचं प्रतल वक्र असणं) आहे, दोष नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू इतरांपेक्षा स्पष्टपणे मागे असेल तर लेन्स डीसेंटर झालेली आहे, म्हणजे आतली काच मध्यापासून सरकलेली आहे. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तिच्या जागी दुसरा नग मागा, आणि त्याच्यावरही हीच चाचणी करा.